कुकाची घेवड्याची हंडी

मी एक जुनी मातीची हंडी आहे. मित्रांनो, माझं पोट मोठं, गळा आखूड आणि कान दोन, त्यातला एक जरासा वाकडा. मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतात एका म्हाताऱ्या कुंभारणीने मला घडवलं. झिलई वगैरे काही दिली नाही, नुसतं गारगोटीने घासून घासून गुळगुळीत केलं. तिची भाची कुका लग्न होऊन सरहद्दीपलीकडे अमेरिकेतल्या एल पासोला निघाली, तेव्हा मावशीने मला तिच्या मांडीवर ठेवलं. बसच्या साऱ्या प्रवासात तिने मला खाली ठेवलं नाही.

नाक्यावरच्या शिपायाने दरडावून विचारलं, "ह्या भांड्यात काय आहे?"

"सध्या हवा आहे साहेब," कुका म्हणाली. "पोचल्यावर घेवडा होईल."

तो हसला आणि आम्ही पलीकडे गेलो.

तिचा नवरा फिदेन्सिओ तांबं वितळवायच्या कारखान्यात कामाला होता. रोज पहाटे माझ्याखाली मंद आच लागायची. ठिपक्यांचा घेवडा, कांद्याची अर्धी फोड, लसणीच्या चार पाकळ्या आणि अंगणातला एपासोतेचा उग्र पाला. शेंगदाण्याएवढा घेवडा माझ्या पोटात फुगून लोण्यासारखा मऊ व्हायचा. फिदेन्सिओ डब्यात घेवडा आणि पोळीसारख्या पातळ तोर्तिया घेऊन जायचा. कारखान्यातले सोबती त्याला म्हणत, "तुझ्या बायकोला सांग, आम्हालाही दत्तक घे." रविवारी शेजारणी वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या. कौतुक ऐकताना मी आतून अधिकच रटरटत असे. त्या घरातली एकुलती लेक तेन्चा माझ्याच घेवड्यावर वाढली.

मग कुका गेली. आजार असा मोठा नव्हता, पण ती गेली.

दफनविधी आटोपल्यावर फिदेन्सिओने मला धुतलं, पुसलं, कुकाच्या एप्रनमध्ये गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं. "हिला कोणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. त्याचं प्रेम मला कळत होतं. पण मित्रांनो, मातीच्या भांड्याला पाणी लागतं. वर्षं गेली, मी आतून कोरडी पडत गेले.

खाली घरात मात्र वेगळंच जेवण आलं होतं. डॉक्टरांनी फिदेन्सिओला मांस कमी करायला सांगितलं, म्हणून आता वेगळ्या घरी राहणारी तेन्चा दर शनिवारी दुकानातून गोठवलेल्या जेवणाचे डबे आणी. डब्यावर हिरवं पान, सूर्य आणि मोठ्या टोपीचा हसरा माणूस. आत घेवडा, भात आणि चीज घालून गुंडाळलेल्या तोर्तिया.

"पप्पा, मी मागचं सगळं वाचून आणते हं," ती सांगायची. "प्रथिनं आहेत, तंतू आहेत, मांसाचा कण नाही."

"आणि हा टोपीवाला कोण? आपल्यात असली टोपी कोणी घालत नाही."

"टोपी खायची नाहीये तुम्हाला. गपचूप जेवा."

तो जेवायचा. एक माणूस, एक डबा.

त्या हिवाळ्यात त्याचे पाय सुजले. बुटात जाईनात. एके दुपारी श्वास इतका कोंडला, की तेन्चाने त्याला दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी तो परत आला तो खांदे पाडून. डॉक्टरांनी विचारलं होतं, एवढं मीठ पोटात जातंय कुठून? तेन्चाला ते लागलं होतं. घरी येताच तिने शीतकपाटातला डबा काढला, चष्मा लावला आणि पुन्हा वाचायला बसली. वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"पप्पा... तुम्ही अख्खा डबा खाता?"

"मग? अर्धा काय मांजराला घालू?"

"ह्यात दोघांचं जेवण धरलंय. मी वाचत होते ते आकडे अर्ध्या डब्याचे होते." तिने डबा पुढे केला. "एका जेवणात दिवसभराचं मीठ खात होतात तुम्ही. मीच आणून देत होते."

ती तिथेच फरशीवर बसून रडायला लागली. फिदेन्सिओ कष्टाने वाकला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उगी पोरी. माझ्या काळजीनेच आणलंस ना? मला तरी कुठं ठाऊक होतं, मी दोघांचं जेवतोय."

डोळे पुसून ती उठली, खुर्ची ओढली आणि माझ्याकडे हात वर केला.

"ती नाही!" तो ओरडला. "ती तुझ्या आईची आहे."

"मग सांगा मला," तेन्चा खुर्चीवरूनच म्हणाली, "आईची हंडी जपायचीय, की आईचा नवरा?"

तो अंगणात जाऊन बसला. ऊन भिंतीवरून उतरलं तरी आत आला नाही. तेन्चा कंटाळून आपल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः मला खाली काढलं. एप्रन सोडून त्याची नीट घडी घातली. त्याने मला पाण्यात बुडवलं आणि मी इतकं पाणी प्यायले, की बुडबुडे निघत राहिले. घोरल्यासारखा आवाज ऐकून तो हसला. "तुझंही माझ्यासारखंच," म्हणाला.

पण त्याला रांधता कुठे येत होतं! पहिल्या दिवशी घेवडा दगडासारखा राहिला. दुसऱ्या खेपेला खाली लागला. मला सगळं येत होतं मित्रांनो, पण हंडीला सांगता येत नाही. तिसऱ्या खेपेला तेन्चा आली. आई मीठ शेवटी घालायची, दाणा मऊ झाल्यावरच, हे तिला आठवलं. या खेपेला चिमूटभरच घातलं. मात्र कांदा, लसूण, भाजलेली लाल मिरची आणि एपासोते हात सैल सोडून.

त्याने घास घेतला. "फिकं आहे."

"आहेच."

"कुकासारखं नाही."

"नाहीच."

आणि त्याने वाटी पुन्हा पुढे केली.

आता सूज उतरली आहे. तो सकाळी चर्चपर्यंत चालत जाऊन येतो. डबा अजूनही कधीमधी येतो, दोघं मिळून एक खातात. एवढ्या वर्षांच्या कोरडेपणाने माझ्या पोटावर एक बारीक चीर गेली आहे. तिथून थेंब थेंब पाझरतं, म्हणून आच अगदी लहान ठेवतात.

मित्रांनो, विकतचं जेवण आणलंत तर त्यात काय आहे एवढंच वाचू नका, ते किती जणांसाठी आहे हेही वाचा. आणि तुमच्या घरात कोणाच्या आठवणीचं भांडं उंच ठेवलेलं असेल, तर ते खाली काढा. त्याला पाणी पाजा, चुलीवर चढवा. फुटेल म्हणून भिऊ नका. मीही एक दिवस फुटेन. त्या दिवशी माझ्यात काहीतरी शिजत असावं आणि जेवायला कोणीतरी बसलेलं असावं, एवढंच माझं मागणं आहे.