गाडी सरळ झाली त्या शुक्रवारी

ताईने ड्रायव्हिंग टेस्ट घेणाऱ्या साहेबांना खुर्चीसकट उडवलं. साहेबांचा पाय दोन ठिकाणी मोडला, खुर्ची एकाच ठिकाणी.

असं काही घडलेलं नाही. घरात सगळ्यांनी बसून तसं ठरवलंय, आणि आमच्या घरात सगळ्यांनी बसून काही ठरवणं इतकं दुर्मीळ आहे की मी ते मोडणार नाही. तेव्हा त्या शुक्रवारी काय काय घडलं नाही, ते क्रमाने सांगतो.

आमची गाडी डावीकडे ओढायची. तीन वर्षांपूर्वी बाबा आणि काका चालत्या गाडीत एकमेकांना बुकलत होते, तेव्हा ती फुटपाथवर चढली आणि तेव्हापासून तिला हे खूळ लागलं. भांडण कशावरून होतं ते दोघांनाही आठवत नाही, पण म्हणून ते मिटलंय असं नाही. सख्खे भाऊ आहेत. एकमेकांवर जीव आहे. तो व्यक्त करायची त्यांची एकच पद्धत असल्यामुळे दोघांत मिळून समोरचे तीन दात उरलेत.

ताई याच गाडीवर शिकली. स्टिअरिंग कायम उजवीकडे दाबून धरायचं, मग गाडी नाकासमोर जाते, हे तिने चार महिने गिरवलं. पहिल्या टेस्टला गिअर टाकताना एक हात सुटला आणि गाडीने डावीकडचा पांढरा पट्टा ओलांडला. नापास. दुसऱ्या टेस्टला तिने गाडी दोन पट्ट्यांमधून अशी नेली की पट्ट्यांना कळलंसुद्धा नाही. साहेबांनी शेरा लिहिला, ‘गाडी सरळ, स्टिअरिंग वाकडे. नियमात बसत नाही.’ नापास.

तिसरी टेस्ट शेवटची. ती गेली की वर्षभर अर्ज करता येत नाही. इकडे ताईला एका लॅबमध्ये नोकरी लागली होती, रक्ताचे नमुने गाडीतून पोचवायची. सोमवारी दहाच्या आत लायसन्स दाखवायचं, नाहीतर नोकरी दुसऱ्याला. राहायला लॅबच्या मागे एक खोलीही मिळणार होती.

“मला त्या खोलीत एकटीने जेवायचंय,” ताई म्हणायची. “ताट जिथे ठेवलं तिथेच राहिलं पाहिजे. उडालं नाही पाहिजे.”

म्हणून शुक्रवारी सकाळी नऊला बाबा, काका, ताई आणि मी असे चौघं चाकांची अलाइनमेंट करायला, म्हणजे गाडीचं ओढणं काढायला गेलो. टेस्ट बारा वाजता होती.

अलाइनमेंटवाल्याला सगळे मिलिमीटर म्हणत. शांत माणूस. त्याने चारही टायरची हवा तपासली, गाडी रॅम्पवर घेतली, चाकांना चिमटे लावले, स्टिअरिंग सरळ करून दांड्याने जखडलं. समोरच्या स्क्रीनवर पुढच्या चाकांचे आकडे लालभडक दिसत होते.

“गाडीत आता कुणी बसायचं नाही,” तो म्हणाला. “आकडे हलतात.”

“मी बसणार,” काका म्हणाले. काकांचं वजन एकशे बारा किलो. “ती चालवते तेव्हा शेजारी मीच असतो. माझ्यासकट सरळ करा.”

“काका, तुम्ही टेस्टला शेजारी नसणार,” ताई म्हणाली.

“मनाने असणार,” म्हणत काका दार उघडून बसले. स्क्रीनवरचे आकडे दचकले. मिलिमीटरने त्यांना कॉलर धरून बाहेर ओढलं. काकांनी त्याच्या नाकावर डोकं हाणलं. नाकाचा आवाज कोरड्या फांदीसारखा आला. मिलिमीटरने हातातला पाना काकांच्या गुडघ्यावर घातला. काका खाली बसले आणि तेवढ्यात बाबा धावले. परक्या माणसाने आपल्या भावाला मारलेलं त्यांना चालत नाही, तो त्यांचा हक्क आहे. म्हणून त्यांनी आधी मिलिमीटरच्या पोटात गुद्दा घातला आणि मग, तो हक्क कुठेही गेलेला नाही हे दाखवायला, काकांच्या कानाखाली जाळ काढला.

“झालं तुमचं?” ताईने विचारलं. “सव्वादहा वाजलेत.”

मिलिमीटर उठला. एका हाताने नाक दाबून रॅम्पखाली गेला. नट गंजले होते. त्याने पान्यावर लांब पाइप चढवला आणि आमच्या घराण्याविषयी काहीबाही पुटपुटत ते सोडवले. थेंब थेंब रक्त फरशीवर पडत होतं. पण आकडे हिरवे झाले. त्याने तक्ता छापून ताईच्या हातात दिला. रक्ताचा अंगठा आपोआप उमटला होता, त्यामुळे तो शिक्का मारल्यासारखा दिसत होता.

बाबा गाडी घेऊन निघाले आणि शंभर पावलांत समोरून येणाऱ्या दुधाच्या गाडीचा आरसा घेऊन गेले. मग दुभाजकाला घासले. मग सायकलवरून जाणारा एक पोस्टमन, ज्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही, उजवीकडच्या झुडपात गेला.

“आता उजवीकडे ओढतेय,” बाबा म्हणाले. “त्याने मुद्दाम केलं.”

गाडी वळवली. मिलिमीटर नाकात कापूस घालत होता. यावेळी दोघा भावांनी एकत्र मारलं. मी पहिल्यांदाच त्यांना एकदिलाने काही करताना बघत होतो आणि खरं सांगायचं तर जरा भरून आलं. काकांनी धरला, बाबांनी धोपटला. बरगडीचा आवाज नाकापेक्षा वेगळा असतो, ओला असतो. मी आणि ताई दोघांना मागून ओढत होतो. बाबांचं कोपर माझ्या ओठावर बसलं, ते चुकून होतं असं त्यांचं म्हणणं आहे.

“गाडीत बसा,” जमिनीवरून मिलिमीटर म्हणाला. “सगळे बसा. दाखवतो.”

त्याने स्वतः चालवली. दुकानामागच्या रिकाम्या रस्त्यावर वेग धरला आणि दोन्ही हात वर केले. गाडी सरळ गेली. कुणीही न धरता, ओळंबा लावल्यासारखी.

“गाडी नाही ओढत,” मिलिमीटर रक्त थुंकून म्हणाला. “तुमचे हात ओढतायत. तीन वर्षांची सवय आहे. आठवडाभर चालवा, जाईल.”

टेस्टला चाळीस मिनिटं होती.

ताईने टेस्टच्या मैदानाबाहेरच्या रस्त्यावर चार चकरा मारल्या. चारही वेळा उजवी भिंत. पाचव्यांदा ती थांबली आणि स्वतःच्याच दंडावर तिने दोन गुद्दे घातले. आमच्याच घरातली शेवटी.

“एक कर,” काका मागून म्हणाले. “हात लावूच नकोस. गाडी सरळ आहे ना? मग तू कशाला मधे पडतेस?”

मी सांगतो, आमच्या घरात इतका शहाणा सल्ला त्याआधी कुणी दिला नव्हता.

मैदानावर दोन पांढरे पट्टे होते आणि पट्ट्यांच्या टोकाला, उजव्या अंगाला, छत्रीखाली साहेब खुर्चीत बसलेले. शिकाऊ माणसाशेजारी गाडीत बसणं धोक्याचं असतं म्हणून ते खुर्चीत बसतात. शेजारी त्यांचा कारकून वही घेऊन उभा होता. ताई निघाली. हात स्टिअरिंगपासून दोन बोटं लांब, तव्यावर शेकत असल्यासारखे. गाडी दोन पट्ट्यांच्या बरोबर मधून येत होती. अर्धं मैदान झालं. पाऊण झालं. स्टिअरिंग सरळ, गाडी सरळ. कारकुनाने ‘उत्तीर्ण’मधला ‘उ’ काढलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

तेवढ्यात साहेब ओरडले, “हात स्टिअरिंगवर. नियम आहे.”

ताईने नियम पाळला, हातांनी उजवीकडची सवय. पाय दचकून ॲक्सिलरेटरवर गेला.

साहेब उडाले ते खुर्ची-छत्रीसकट. पडले तेव्हा पायाची दिशा बदललेली होती. कारकुनाने वही घेऊन खिडकीतून ताईच्या कपाळावर हाणली, भुवई फाटली. ताईने त्याचा टाय धरला, तो आत अडकवून काच वर केली आणि दार उघडून बाहेर आली. बाबा आणि काका मदतीला धावले, वाटेत एकमेकांना लागले आणि तिथेच गुंतले.

साहेबांनी स्ट्रेचरवरून पेन मागितलं. आडवे पडून त्यांनी ‘उ’ खोडला आणि लिहिलं, ‘नापास’. सही नेहमीसारखी स्वच्छ होती.

त्या रात्री सगळ्यांनी बसून ठरवलं ते मी सांगितलंच. ताई बसली नव्हती. भुवईला सहा टाके घालून ती स्वयंपाकघरात लिहीत होती. सकाळी मी स्वतः नेऊन दिला तो अर्ज असा:

‘प्रति, चाचणी कार्यालय. सदर दिवशी उमेदवाराची गाडी पूर्णपणे सरळ होती, त्याचा छापील तक्ता सोबत जोडला आहे. गाडी सरळ असताना ती जिथे गेली ती जागा चुकीची ठरवणे उमेदवारावर अन्यायाचे आहे. तरी मैदानावरील दोन्ही पांढरे पट्टे साडेसहा फूट उजवीकडे सरकवावेत, ते शुक्रवारी सकाळपासून तिथेच होते असे गृहीत धरावे, साहेबांची खुर्ची त्या वेळी चाचणीच्या मार्गात विनापरवाना ठेवलेली होती अशी नोंद घ्यावी, आणि उमेदवारास सोमवारी सकाळी दहाच्या आत उत्तीर्ण घोषित करून लायसन्स हातात द्यावे, ही नम्र विनंती.’