माथ्यावरचा मुक्काम

राजाबाईला कळसूबाई चढायची होती. ही हौस आजची नव्हे. लग्न होऊन कन्नड तालुक्यातल्या धनगरवाडीत आली त्या सालापासूनची. तेव्हा दरवर्षी पावसाळा सरला की नवऱ्याची, मुंजाबाची मेंढरं पश्चिमेला भाताच्या मुलखात निघायची आणि कापणी झालेल्या वावरांत खतासाठी बसायची. राज्यातला सगळ्यांत उंच डोंगर रोज डोळ्यांपुढं असायचा, आणि टोकावर देवीचं इवलंसं देऊळ. भाकरी थापता थापता राजाबाई तिकडं बघायची.

"आवं, एकदा वर जाऊन येऊ की."

"वर चारा हाय का?" मुंजाबा विचारायचा.

चारा नव्हता. विषय संपायचा.

माणूस वाईट नव्हता मुंजाबा, पण जगातली प्रत्येक जागा तो मेंढराच्या तोंडानं बघायचा. सकाळी काठीनं दिशा दाखवून सांगायचा, "आज तळ्याच्या अंगाला उतरा." मग राजाबाई घोड्यावर संसार लादून पुढं निघायची, जागा झाडायची, तीन दगड मांडून चूल पेटवायची. मागून तो मेंढरं घेऊन धुराच्या रोखानं यायचा. बाई पुढं, बुवा मागं, पण मुक्काम कुठं करायचा हे ठरवणार बुवाच. असा अर्धा जन्म गेला.

पुढं मुंजाबाचे गुडघे बोलू लागले, मेंढरं विकली, आणि वाळूजच्या कंपनीत लागलेल्या बद्रीनाथनं, त्यांच्या लेकानं, दोघांना संभाजीनगरला आणलं. पहाडसिंगपुऱ्यात दोन खोल्या. राजाबाईनं थोडे दिवस भिंतींकडं बघून घेतलं आणि मग भल्या सकाळी गोगाबाबाच्या टेकडीवर जायला लागली. भारीतले बूट घातलेली मंडळी कमरेवर हात ठेवून धापा टाकायची, आणि ही त्यांच्या बाजूनं ओचा खोचून सरळ वर.

"मावशी, कशापायी एवढं?" कुणी विचारलंच तर मोकळेपणानं सांगायची, "कळसूबाईला जायचंय. मरायच्या आत."

घरी मुंजाबा कुरकुरायचा, "म्हातारीला चळ लागलाय." पण निघायच्या दिवशी ही चपला शोधतेय तोवर हा पटका बांधून बद्रीनाथनं आणलेल्या जीपमध्ये बसलेला.

पायथ्याच्या गावात जुन्या ओळखीचं घर होतं. रात्रपाळी करून आलेला बद्रीनाथ तिथल्या ओसरीवर आडवा झाला आणि ही दोघं चढायला लागली. राजाबाई पुढं, मुंजाबा मागं, सवयच ती. तिच्या पाठीवर गठुडं होतं, त्यात भाकरी, चहाचं सामान आणि काळं पडलेलं पातेलं. चालता चालता ती वाटेवरच्या वाळक्या काटक्याही पदरात टाकत होती.

"आगं, वर काय बिऱ्हाड मांडायचंय का?" मागून आवाज आला.

तिनं पदराकडं बघितलं आणि तिचं तिलाच हसू आलं. काटक्या मात्र टाकल्या नाहीत.

लोखंडी शिडीपाशी आले आणि मुंजाबाचा गुडघा धरला. तो दगडावर बसला, पाय चोळू लागला. तोंड वेडंवाकडं झालं. देऊळ आता चांगलं मोठं दिसत होतं. एवढ्या जवळ येऊन परत फिरायचं? आणि ह्याला टाकून जायचं तरी कसं? ती त्याच्या शेजारी टेकली. डोळे भरून आले, ते तिनं पुसलेही नाहीत.

"चला, उतरू," ती म्हणाली. "बघितलं की इथवर."

मुंजाबा चिडलाच. "माझ्यापाशी काय बसती? लंगडं मेंढरू घेऊन मी मागं राह्यलो तं तू कधी थांबली व्हती का?"

"नाय."

"मंग व्हय पुढं. माझं मी बघतो."

राजाबाई उठली. शिडीचे गज हाताला गार लागत होते. तिनं मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरली असती.

माथ्यावर वारा नुसता झोंबत होता. तिनं देवीला हात जोडले आणि मग चहूकडं बघितलं. ज्या वावरांत थंडीनं कुडकुडत रात्री काढल्या, ती सारी खाली गोधडीच्या ठिगळांसारखी पसरली होती. राजाबाईला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्यानं हसली.

पण एकटीनं हसून हसून किती हसणार? हात रिकामे राहिनात. देवळापासून बाजूला, कातळाच्या आडोशाला तिनं तीन दगड मांडले. ही जागा कुणी काठीनं दाखवलेली नव्हती. काटक्या पेटल्या, बाटलीतलं पाणी पातेल्यात पडलं, आणि वाऱ्यानं वाकलेला धूर शिडीच्या बाजूला उतरू लागला.

चहा उकळला. तिनं तो बाजूला काढला, निवल्यावर पुन्हा ठेवला. नजर शिडीवर. बऱ्याच वेळानं आधी काठी वर आली, मग पटका, मग गुडघ्याला शिव्या देणारा मुंजाबा.

"धूर दिसला," तो टेकत म्हणाला. "मंग बसवंना."

तिनं झाकणीत चहा ओतून दिला. पहिला घोट घेऊन तो सवयीनं चारी बाजूंना बघू लागला. आता काय येणार ते राजाबाईला ठाऊक होतं.

"चारा नाय," तीच आधी म्हणाली.

"नाय." मुंजाबानं आणखी एक घोट घेतला. "पन मुक्कामाला जागा बेस धरलीस."