दोन तंगड्यांची तक्रार

पहिला खोका उघडला तेव्हा बाईंना वाटलं, कोंबडी कलती ठेवली असेल. दुसरा उघडला तेव्हा वाटलं, आपला चष्मा कुठे राहिला. चष्मा डोळ्यांवरच होता. समोर दोन अख्ख्या भाजलेल्या कोंबड्या होत्या, छान तांबूस, सालीवर मिऱ्याची भुकटी, आणि दोघींना मिळून तंगड्या दोन. प्रत्येकीची एक.

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. सातला आठ विद्यार्थी जेवायला येणार होते, आणि हे जेवण बाईंनी केलेलं नाही हे त्यांतल्या एकालाही कळता कामा नये होतं.

बाई म्हणजे स्वयंपाकाच्या वर्गाच्या बाई. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात बावीस वर्षं वर्ग चालत होता आणि त्यांच्या हाताचं नाव होतं. बारा आठवडे संपले की शेवटच्या संध्याकाळी बाई स्वतः रांधून सगळ्यांना जेवू घालायच्या, आणि जेवणारे घरी जाऊन जे कौतुक करायचे त्याच्या जोरावर पुढचा वर्ग भरायचा. नेमकं आजच दुपारी ओव्हनचं डोकं फिरलं. आच काही केल्या कमी होईना, आणि दार उघडलं तर आत दोन कोळसे. दुरुस्तीवाला म्हणाला, उद्या सकाळी येतो. बाहेरच्या जेवणाची बाई वर्गात अशी काही टर उडवायच्या की ऐकणाऱ्याला हॉटेलची पाटी वाचायचीही लाज वाटावी. त्याच बाईंनी आज बाथरूमची कडी लावून, मोबाइलवर, चोरासारखं लपून दोन कोंबड्या मागवल्या होत्या.

कोंबड्या सहाला आल्या. आणणारा पन्नाशीचा, दाढी पिकलेला माणूस. लिफ्ट बंद म्हणून चार जिने चढून आला होता. धापा टाकत त्याने घोटभर पाणी मागितलं. शेजारचं दार किलकिलं झालं, तशी बाईंनी खोके ओढून घेतले आणि त्याच्या तोंडावर दार लावलं. खोके ओट्यावर ठेवून त्या कपडे बदलायला गेल्या, परत आल्या तर हा प्रकार.

आता अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय. अख्खी कोंबडी मागवली तर अख्खी द्या ना! बाई परत बाथरूममध्ये शिरल्या, नळ सोडला आणि कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला. तिकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. बाई कुजबुजत होत्या आणि ती दर वाक्याला “जरा मोठ्याने बोलाल का, मॅडम?” म्हणत होती. तंगड्या गेल्या, हे वाक्य बाईंना पाच वेळा म्हणावं लागलं. पाचव्यांदा त्यांनाच ते ऐकवेना.

मुलगी म्हणाली, फोटो पाठवा, पण मूळ खोक्यात ठेवलेला.

खोके बाईंनी कधीच फाडून कचऱ्यात कोंबले होते. पुरावा नष्ट करण्यात त्यांनी कसलीही कुचराई केली नव्हती. आता कचऱ्यातून ते उपसून काढायचे, कांद्याची सालं झटकायची, चिकटपट्टीने चारी बाजू उभ्या करायच्या, कोंबड्या परत आत बसवायच्या आणि फोटो काढायचा. दुसरी कोंबडी घालताना दारावरची बेल वाजली. दोघेजण लवकर आले होते, आणि बाईंच्या यजमानांनी त्यांना आत घेतलं. बाईंनी गुडघ्याने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि आतूनच ओरडल्या, “बसा हां, आत येऊ नका, गंमत आहे!” ते बिचारे खूश होऊन बसले.

फोटो गेला. तो पाहून मुलीचा गोड आवाज एकदम सरकारी झाला. खोक्यावरचं सील उचलून परत चिकटवलेलं दिसतंय, ती म्हणाली. म्हणजे वाटेत उघडलं. आणणाऱ्या माणसावरची ही तिसरी तक्रार आहे, त्याचं काम आत्तापासून बंद करत आहोत. सात वाजता वरिष्ठ सही करतील, मग तो कायमचा बाद.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं. पाणी न दिल्याचं मघापासून टोचत होतं, तेही टोचायचं थांबलं. चोराला कसलं पाणी द्यायचं!

आता कोंबड्यांचं बघायचं होतं. काप काढून ताटात असे रचायचे की तंगडी कुठली आणि छाती कुठली हे कुणाला कळूच नये. बाईंनी सुरी परजली. सुरीला धार होती, डोक्यात कल्पना होती, हात भराभर चालत होता, आणि खरं सांगायचं तर बाईंना आता मजा येऊ लागली होती. तेवढ्यात त्यांचे यजमान पाणी प्यायला आत आले.

यजमान चौतीस वर्षं वजन-मापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना अजून निरीक्षकच म्हणायचे आणि दुकानदार त्यांना पाहिलं की तराजू पुसायचे. एकदा बिस्किटाच्या पुड्यात एक बिस्कीट कमी निघालं म्हणून त्यांनी सात पत्रं लिहिली होती आणि आठव्या पत्राला बिस्कीट आलं होतं. गेल्या सहा महिन्यांपासून डॉक्टरांनी त्यांना उकडलेल्या भाज्यांवर आणि पेजेवर ठेवलं होतं, आणि बाई त्याची अंमलबजावणी निरीक्षकाच्याच कडकपणाने करत होत्या.

बाईंनी त्यांना दबक्या आवाजात सगळी हकिकत सांगितली. आता हे भडकणार, कागद मागणार, अशी त्यांची खात्री होती.

निरीक्षकांनी पेला खाली ठेवला. “जाऊ दे गं,” ते म्हणाले. “एवढं काय त्यात. दोन तंगड्या तर आहेत. गरीब माणूस असेल.”

बाईंचा हात थांबला.

एका बिस्किटासाठी आठ पत्रं लिहिणारा माणूस दोन तंगड्या सोडून देत होता. शिवाय चेहऱ्यावर एवढी दया. बाईंनी सुरी ठेवली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. सहा महिन्यांत प्रथमच त्यांचे ओठ तुपकट दिसत होते.

“अहो,” बाई म्हणाल्या, “इकडे बघा.”

ते पेल्याकडे बघत राहिले.

“सील कुणी उचललं?”

“ओलं फडकं फिरवलं की अलगद सुटतं,” निरीक्षक पुटपुटले. “माझी आयुष्यभराची सवय आहे. परत लावलं तर कुणाला कळत नाही.”

“कळलं! फोटोत कळलं! आणि दोन्हींची एकेक कशाला?”

“एकाच कोंबडीच्या दोन घेतल्या असत्या तर तोल गेला असता,” ते म्हणाले, आणि हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की बाईंना हसू फुटलं. फुटलं आणि तिथेच विझलं. धापा टाकणारा तो माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. काम गेल्याचं त्याला एव्हाना कळलंही असेल. घड्याळात सहा एक्कावन्न झाले होते.

बाई बाथरूमकडे धावल्या. कडी, नळ, फोन. याही वेळी तीच मुलगी लागली, हे नशीबच. बाई कुजबुजल्या, तक्रार मागे घ्यायची आहे, चूक आमची आहे. मुलगी म्हणाली, घेता येईल, मात्र निवेदन ध्वनिमुद्रित होतं आणि आवाज स्पष्ट लागतो. बाईंनी नळ बंद केला आणि पुन्हा सांगितलं. मशीनने नाकारलं. तोंडाभोवती हात धरून सांगितलं, तेही नाकारलं. मुलगी म्हणाली, “मॅडम, तिथे रेंज तुटतेय आणि कुजबुज घेतली जात नाही. उघड्यावर या आणि मोठ्याने बोला. सहा मिनिटं उरलीत.”

रेंज त्या घरात एकाच जागी धड यायची, बैठकीच्या खोलीतल्या खिडकीपाशी. आणि बैठकीच्या खोलीत आता आठच्या आठ विद्यार्थी बसले होते. त्यांचा हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. कुणीतरी म्हणत होतं की आज सकाळपासून काही खाल्लेलं नाही, बाईंच्या हातचं खायचं म्हणून.

बाईंनी भराभर दुसऱ्या जागा आठवून पाहिल्या. जिन्यात जावं तर शेजारी टपलेलेच. गच्चीला कुलूप. उद्या सकाळी कंपनीला रीतसर पत्र धाडू, असं एकदा मनात आलं. पण सात म्हणजे सात. उद्याच्या पत्राने सही पुसली जाणार नव्हती, आणि त्या माणसाला कुणी कामावर परत बोलावणार नव्हतं. बाईंनी आरशात एकदा स्वतःकडे पाहिलं, केस सारखे केले आणि कडी काढली.

त्या सरळ खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आठही जणांना वाटलं, बाई भाषण करणार. सगळे गप्प झाले. म्हणजे बाईंची उरलीसुरली सोयही गेली.

“हो, मी बोलतेय,” बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. “मी आज संध्याकाळी बाहेरून दोन भाजलेल्या कोंबड्या मागवल्या. आठ पाहुण्यांसाठी. माझ्या म्हणून वाढणार होते.”

कुणाच्या तरी हातातला पेला खाली टेकल्याचा आवाज झाला.

“कोंबड्या अख्ख्या आल्या होत्या. आणणाऱ्या माणसाने काहीही केलेलं नाही. मी केलेली तक्रार खोटी आहे आणि ती मी मागे घेते.”

“आवाज घेतला गेला, मॅडम,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज पुन्हा गोड झाला होता. “तंगड्यांचं काय झालं, तेवढं कारण नोंदवावं लागेल.”

बाई अडखळल्या. सगळ्यांदेखत नवऱ्याची लाज काढायची म्हणजे काय! पण मागून एक हात पुढे आला आणि फोन काढून घेतला.

“लिहून घ्या,” निरीक्षक ताठ उभे राहून म्हणाले. “तंगड्या नग दोन, मी खाल्ल्या. सील मी तोडलं. वजन-मापे निरीक्षक, निवृत्त. त्या गृहस्थांना काम परत मिळाल्याचं मला आत्ता, तोंडी, कळवा.”

मुलगी म्हणाली, थांबा. सगळं घर थांबलं. सहा अठ्ठावन्न, सहा एकोणसाठ. आठ विद्यार्थ्यांना नेमकं काय चाललंय ते अर्धंच कळलं होतं, पण तेही श्वास रोखून घड्याळाकडे पाहत होते, आणि एकजण तर उभाच राहिला होता.

“झालं, सर. त्यांचं काम सुरू झालं. आत्ताच त्यांनी पुढची ऑर्डर घेतली.”

उभा राहिलेल्याने टाळी वाजवली. बसचालक होता तो, त्याला लोकांना वेळेवर पोचवायची सवय. मग त्याच्या लक्षात आलं की आपण कशासाठी टाळी वाजवली हे आपल्याला नीट माहीत नाही, आणि तो खाली बसला. बाईंनी भिंतीला टेकून सगळं सांगितलं, ओव्हनपासून तंगड्यांपर्यंत. बावीस वर्षांचं नाव पाच मिनिटांत मातीत जातं कसं हे त्या स्वतःच्या कानांनी ऐकत होत्या.

दातांची डॉक्टर होती एक, जिभेने फटकळ. ती म्हणाली, “बाई, मला राग आलाय. दुपारी एक फोन केला असता तर मी माझा ओव्हन गाडीत घालून आणला असता.”

“चुकलं,” बाई म्हणाल्या. “खरंच चुकलं.”

“आणा तरी काय मागवलंय ते.”

बाईंनी ताट आणलं. आठ जण भोवती जमले आणि उभ्यानेच एकेक तुकडा तोंडात टाकला. मग बसचालकाने कपाळाला आठी घातली. म्हणाला, आतपर्यंत मीठ गेलेलंच नाही. डॉक्टरीण म्हणाली, साल आधी तापवली आणि मांस नंतर, आच उलटी दिली आहे, म्हणून ही चिपाडासारखी कोरडी. तिसरीला मिरं जुनं वाटलं. चौथा म्हणाला, भाजल्यावर हिला स्वस्थ ठेवलेलीच नाही, लगेच खोक्यात घातली, म्हणून सगळा रस खाली गेला. जो तो दुसऱ्याचं बोलणं तोडून बोलू लागला.

बाईंनीही एक तुकडा घेतला. मघापासून त्यांनी तंगड्या मोजल्या होत्या, काप काढले होते, फोटो काढला होता, पण चाखलं नव्हतं. सगळे अगदी बरोबर बोलत होते. बारा आठवड्यांपूर्वी यांतल्या चौघांना मिरं आणि जिरं वेगळं ओळखता येत नव्हतं. बाईंचे डोळे भरून आले आणि त्या आनंदाने हसायला लागल्या. या ताटाला कुणी छान म्हटलं असतं तर त्यांचं नाव खरंच मातीत गेलं असतं.

“मग उभे काय राहिलात?” त्या म्हणाल्या. “सुधारा.”

एकच झुंबड उडाली. कुणी पातेलं चढवलं, कुणी हाडं वेगळी करून रस्सा उकळायला टाकला, बसचालक लसूण ठेचायला बसला, लोणी कुठाय, लिंबू कुठाय, सरका, सरका. निरीक्षकांना कुणीतरी काट्यावर लोणी मोजायला लावलं आणि त्यांनी ते अतिशय काटेकोरपणे मोजलं. बाई पुढे सरसावल्या, तशी डॉक्टरणीने त्यांना खांदे धरून खुर्चीत बसवलं. आज तुम्ही पाहुण्या, ती म्हणाली. बावीस वर्षांत बाई आपल्या स्वयंपाकघरात प्रथमच नुसत्या बसल्या होत्या.

अर्ध्या तासाने डॉक्टरीण वाफाळता चमचा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. मागे सातही जण माना उंचावून पाहू लागले. बाईंनी फुंकर मारून चाखलं, डोळे मिटले, पुन्हा चाखलं. दोष काढायची त्यांची जन्माची सवय, पण काढायला काहीच सापडेना. आणि ते त्यांनी सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.