आठ इंच खाली

"गोळीचं वजन कळलं की तिचा वेग कळला, आणि वेग कळला की माणसाला या जगात विचारण्यासारखं काही उरत नाही," असं वर्लिन स्कोगस्टाडने ल्यूथरन चर्चच्या तळघरातल्या आपल्या काडतुसं भरायच्या वर्गात उभं राहून जाहीर केलं, तेव्हा समोर तीन श्रोते होते. त्यांतला एक बॉयलर दुरुस्त करायला आला होता. दुसरा खुर्च्या परत न्यायच्या म्हणून थांबला होता. तिसरी मार्लिस ट्वेट. ती मात्र वही घेऊन आली होती, आणि तिने ते वाक्य खाली रेघ मारून लिहून घेतलं. पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

वर्लिनची चौतीस वर्षं गावातल्या गव्हाच्या कोठाराच्या वजनकाट्यावर गेली होती. ट्रक काट्यावर चढला, आकडा पडला, विषय संपला. असा माणूस वजनावर विश्वास ठेवणार नाही तर कशावर ठेवेल? निवृत्त झाल्यावर ट्रकांची जागा काडतुसांनी घेतली. झाडलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, बार पेटवणारी नवी टोपी बुडाशी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. पूर्व मोंटानात हा उद्योग निम्मं गाव करतं, पण डब्यावर सुवाच्य अक्षरात वेग लिहून देणारा वर्लिन एकटाच. २९५०. सेकंदाला दोन हजार नऊशे पन्नास फूट. हा आकडा त्याने बारा वर्षांपूर्वीच्या एका जुलैत, उसन्या यंत्रावर खरोखर मोजला होता, आणि तेव्हापासून तो आडनावासारखा वापरत होता.

मार्लिसचा नवरा आर्डन हा वर्लिनचा शिकारीतला जोडीदार. तो गेल्याला दोन वर्षं झाली होती. त्याची रायफल कपाटात होती, आणि मार्लिसला सहाव्या अर्जाला प्राँगहॉर्न हरणाचा परवाना लागला होता. वर्लिनने तिच्यासाठी वीस काडतुसं भरली. शिवाय किती वार अंतरावर गोळी किती इंच खाली उतरेल याचं कोष्टक रायफलच्या दस्त्यावर चिकटवून दिलं, वरून टेपचे तीन वेढे मारून. आर्डनसाठी एवढं तरी, असं तो म्हणाला.

गोळ्या मात्र नेहमीच्या नव्हत्या. शिकार मंडळाच्या सोडतीत त्याला अख्ख्या तांब्याच्या गोळ्यांचे दोन डबे लागले होते, आणि फुकट आलेली वस्तू वर्लिनच्या घरात पडून राहत नसे. नेहमीच्या गोळीच्या पोटात शिसं असतं. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, पुंगळीत खोल घुसते आणि दारूची जागा खाते. म्हणून काडतुसं भरायच्या पुस्तकात तिच्यासाठी दारू कमी सांगितली होती. वर्लिनने ती कमी घातली, तो नियमाचा माणूस. पण गोळीचं वजन तर तेच होतं, दीडशे ग्रेन, म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम. तेव्हा डब्यावर आकडाही तोच पडला.

शंभर वारांवर नेम जुळवून पाहताना काही कळलं नाही. असल्या गोष्टी कळायला चारशे वार लागतात. मार्लिस कापणी झालेल्या शेताच्या कडेला पालथी पडली, कोष्टक वाचलं, नेम धरला, आणि नराच्या पोटाखाली धूळ उडाली. दुसऱ्यांदाही तिथेच. नराने मान वळवून पाहिलं आणि तो चालत निघून गेला. पळायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत.

रविवारी चर्चमधल्या कॉफीला मार्लिसने ही हकीकत सगळ्यांदेखत सांगितली आणि दोष स्वतःकडे घेतला. वर्लिनची काडतुसं चुकत नाहीत, माझेच हात हलले, आर्डन असता तर हसला असता, असं ती म्हणाली. यावर वर्लिनने काय करावं? त्याने तिला श्वास कसा घ्यावा ते शिकवलं. कप बाजूला ठेवून, स्वतःच्या पोटावर हात ठेवून, चांगली दहा मिनिटं. बाजूच्या दोन बायकांनीही सराव करून घेतला.

मंगळवारी हार्डवेअरच्या दुकानाचा मालक गेलन रस्क वेग मोजायचं नवं यंत्र घेऊन नेमबाजीच्या मैदानावर आला. वर्लिनने मार्लिसला दिलेल्या घाण्यातलंच एक उरलेलं काडतूस काढलं, आकडा आधी जाहीर केला आणि मग चाप ओढला. यंत्राने २७०४ दाखवलं. वर्लिनने यंत्राला दोष दिला, मग उन्हाला, मग बॅटरीला. बॅटरी बदलली. २६९८.

"आता पुन्हा बदलू नकोस," गेलन म्हणाला. "दर बॅटरीला सहा फूट कमी होतायत."

घरी येऊन वर्लिनने पुस्तक उघडलं. दारूचं वजन ज्या रकान्यातून घेतलं होतं तो सापडला. त्याच्या एक बोट उजवीकडे वेगाचा रकाना होता. २७१०. छापलेला. आपल्याला आकडा माहीतच आहे म्हणून त्याचं बोट तिथवर गेलंच नव्हतं. त्याने हिशोब मांडला. चारशे वारांवर आठ इंच खाली. म्हणजे बरोबर ती धूळ.

चूक त्याने पचवली असती, वजनकाट्यावरही वर्षातून एखादी व्हायची. पचेना ते श्वासाचं. पोटावर ठेवलेला आपलाच हात त्याला दाढी करताना दिसायचा, जेवताना दिसायचा, आणि त्याचे कान तापायचे. त्यातून मार्लिसची काडतुसंही त्याच घाण्यातली होती हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि दोन दिवस तो बसलाही.

गुरुवारी खिळे आणायला तो गेलनच्या दुकानात गेला. फळ्यावर मार्लिसच्या अक्षरातली चिठ्ठी होती. रायफल विकणे आहे. दोष रायफलमध्ये नाही.

शनिवारी एक जण बघायला येणार आहे, असं गेलनने सांगितलं. वर्लिन खिळे काउंटरवरच विसरून निघाला आणि मार्लिसच्या दारात पिकअपचं इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं बसून राहिला.

तिने कॉफी ओतली, खजुराच्या वड्या पुढे ठेवल्या. वर्लिनने शिशापासून सुरुवात केली. मग तांबं. मग पुंगळीतली जागा. तिसरी वडी संपली तरी तो दारूपर्यंत पोचला नव्हता.

"वर्लिन," ती म्हणाली, "कुणी गेलंय का?"

"नाही. डब्यावरचा आकडा चुकीचा होता. कोष्टक त्याच आकड्यावरून केलं होतं. तू बरोबर मारलंस, दोन्ही वेळा. मी आठ इंच खाली पाठवलं."

मार्लिसने वड्यांची ताटली बाजूला सारली.

"म्हणजे माझे हात हलले नव्हते."

"नव्हते. दोन्ही गोळ्या एकाच जागी पडल्या. हलणाऱ्या हातांना ते जमत नाही. मला त्याच दिवशी कळायला हवं होतं."

"आणि तू मला श्वास घ्यायला शिकवत होतास."

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो."

"चार दिवस मी तसाच घेतेय. भांडी घासतानासुद्धा."

वर्लिन उभा राहिला. टोपी छातीशी धरून त्याने पिकअपमध्ये जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. येत्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून तो कबुली देईल. वर्ग कायमचा बंद करील. काडतुसं भरायचा सगळा सरंजाम गेलनला देऊन टाकील. तिच्या वहीतलं ते वाक्य तिने खोडावं, रेघेसकट. आवाज एका ठिकाणी फुटलादेखील.

मार्लिस उठली, कपाटातून आर्डनची रायफल काढून आणली आणि टेबलावर कपांच्या मधोमध ठेवली. परवाना रविवारपर्यंत आहे म्हणाली. खरा आकडा तेवढा सांग, कोष्टक मी माझ्या अक्षरात लिहीन. शनिवारच्या माणसाला नको येऊस म्हणून कळवते.

"तू कबुली दे, वर्ग बंद कर, काय हवं ते कर," ती म्हणाली. "पण आधी ही तुझी टेप काढून दे. दोन नखं मोडली माझी."