दारूकोठारासमोरची भाकर

चिलेच्या फौजेशी तह झाला, किल्ला सोपवायचा ठरला, हे साऱ्या चिलोए बेटाला सकाळीच कळलं. स्पेनच्या राजाची माणसं हत्यारं खाली ठेवून मानानं घरी जाणार होती. त्यांच्यातलाच माझा एलियास मात्र तह न मानता, पेटती वात हातात घेऊन किल्ल्याच्या दारूकोठारात कडी लावून बसला होता.

सार्जंट बाहामोंदे मला न्यायला आला. "हासिंतामावशी, तुझा लेक जन्मात कधी वेळेवर उठला नाही. आज उठला, तो आम्हां सगळ्यांना स्वर्गात पोचवायला!" हसला खरा, पण ओठ कोरडे पडले होते.

मी बटाट्याची भाकर फडक्यात बांधली. आमच्याकडे कुणाची मदत मागायची तर भाकर घेऊन जातात. अर्धी मागणाऱ्यानं खायची, अर्धी समोरच्यानं. त्यानं खाल्ली की शब्द दिला. मग होडी ओढायची असो की अख्खं लाकडी घर ओढून दुसरीकडे हलवायचं असो, तो शब्द कुणी मोडत नाही.

कोठाराच्या दाराला गजांची खिडकी होती.

"एलियास, मागायला आलेय. बाहेर ये."

"आई, मी राजाची शपथ घेतलीय. शपथ मोडू नये, हे तूच शिकवलंस ना?"

"हो रे बाळा."

"मग भाकर कशाला आणलीस? दुपारची घंटा अजून व्हायचीय. तुझा उपास आहे."

तो फौजेत गेला त्या दिवसापासून, राजाच्या विजयासाठी, दुपारच्या घंटेपर्यंत मी पाणीही घेत नव्हते. नवऱ्याला मूठमाती दिली त्या दिवशीसुद्धा नाही. एलियासला ते ठाऊक होतं. माझी अर्धी मी खाणारच नाही, म्हणून तो निर्धास्त होता.

मी क्रूसाची खूण केली, भाकर मोडली आणि घास तोंडात घातला.  त्याच्यासमोर चावून गिळला.

"आई! अगं, काय केलंस हे?"

"उपास मोडला. देवाला जाब मी देईन. तुझ्या शपथेचा जाबही त्याला माझ्याकडेच मागायला सांगेन. खा आता."

 बाहामोंदेनं डोळे मिटून घेतले होते. मग दारूनं काळी झालेली बोटं गजांतून बाहेर आली नि अर्धी भाकर आत गेली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"वेढ्यात मीठ कुठून आणू रे?"

बादलीत वात चुर्रकन विझली. कडी निघाली.

दुपारची घंटा झाली तेव्हा किल्ल्यावरचं स्पेनचं निशाण खाली येत होतं. सवयीनं माझे हात जुळले, पण राजाचं नाव ओठांवर येईना. तेच हात मी एलियासच्या डोक्यावर ठेवले.