बाबांच्या रेझरचा दांडा

निकेल चढवण्याच्या त्या कारखान्यात एकच पाटी होती: ‘हातात तोलल्याशिवाय टाकीत टाकू नये.’ आणि तो नियम मोडला कोणी? ज्यानं पाटी लिहिली त्यानंच.

त्याला सगळे निकेलराव म्हणायचे. पन्नाशी उलटली तरी अंगातली खोडी जात नव्हती. त्या सकाळी त्यानं शेजारी लेथ चालवणाऱ्या टर्नरचा चहाचा कप बशीला चिकटवून ठेवला होता. डोळे तिकडे, हात इकडे. वहिनीनं दिलेल्या जुन्या रेझरचं डोकं नि दांडा तारेला अडकवून त्यानं मळ काढायला गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत सोडले.

टर्नरनं कप उचलला, बशीही वर आली. निकेलराव पोट धरून हसला. मागं टाकीही खदखदली.

वळून बघतो तर काय, तोंडचं पाणीच पळालं. डोकं पितळेचं, ते शांत पडलेलं. दांडा मात्र सोडावॉटरसारखा फसफसत होता. ॲल्युमिनियम! कॉस्टिक त्याला जिवंत खातं. हातात तोलला असता तर हलकेपणावरूनच कळलं असतं. बाहेर काढेपर्यंत नक्षी गेली, आटे गेले, उरली उंदरानं कुरतडल्यासारखी कांडी.

रेझर बाबांचा. पुढं दादा वापरायचा. पण आजारपणानंतर दादाचा हात थरथरायला लागला. दोनदा हनुवटी कापली, तेव्हापासून ना दाढी, ना घराबाहेर पाऊल. न्हावी घरी आला तर दादानं खोलीचं दार लावून घेतलं. तीन आठवडे झाले. “चकचकीत करून द्या भावजी,” वहिनी म्हणाली होती, “बाबांचा म्हणून तरी हातात घेतील.”

“बशीबद्दल माफ कर,” निकेलराव टर्नरला म्हणाला. “अस्साच दांडा कापून दे.”

“ॲल्युमिनियम नाहीये. पितळेचा रॉड आहे.”

“चालेल! निकेल चढवलं की कोण ओळखतंय?”

“तुझाच भाऊ ना? ओळखणार.”

संध्याकाळी निकेलरावानं अगदी साळसूद चेहऱ्यानं रेझर दादापुढं धरला. दादानं घेतला, हात जरासा खाली गेला. त्यानं एकदा रेझरकडं पाहिलं, एकदा भावाकडं. मग आरशासमोर जाऊन फेस लावला. वहिनी दाराची चौकट धरून उभी.

हात थरथरत होताच. पण रेझर पूर्वीसारखा उडेना, गालावर बसून राहिला. एक पट्टा साफ. मग दुसरा.

“बाबांचा दांडा कुठाय?” दादानं आरशातूनच विचारलं.

निकेलरावाची पाचावर धारण बसली. “टाकीनं खाल्ला.”

“टाकीनं! लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही मांजराचंच नाव घेतलं होतंस.”

“हलका बनवून देतो ना, हुबेहूब तसाच...”

“हात लावून बघ याला! जड आहे म्हणून तर जागेवर राहतोय.” दादाचा आवाज खाली आला. “चमच्याला बसेल का रे असा दांडा? ही भरवते मला. लाज वाटते.”

वहिनी गर्रकन आत गेली. खणखणाट झाला. परत आली ती चार चमचे आणि एक डाव घेऊन.

“डाव कशाला?” निकेलराव म्हणाला.

“वाढतील की मला कधीतरी!”

दादानं उरलेला गाल साफ केला, तोंड पुसलं आणि पलंगाखाली पायानं चपला चाचपू लागला.

“आण ते चमचे इकडं. मीच येतो टर्नरकडं. तुझा काय भरवसा, परत न तोलता टाकशील.”