पंचाहत्तरवर काटा

तिसऱ्या गणपतीचाही कान तडकला, तेव्हा माधवराव गुरुजींनी हातातली कोरणी पाटावर ठेवली आणि सरळ सांगून टाकलं, "पुरे झालं. उद्या फोन करून कळवतो, शाडूचे जमणार नाहीत म्हणून. पुतळीबाई, सोमवारपासून तुम्ही प्लास्टरच्या खोलीत बसा."

पुतळीनं तो कान निरखून पाहिला. चीर केसाएवढी होती, पण मुळाशी होती. पेणच्या रामवाडीतल्या या कारखान्यात ती नऊ वर्षं शाडू मळत होती. प्लास्टर साच्यात ओतायला तिची गरज नव्हती. ते कुणीही ओतलं असतं. अमेरिकेतल्या कुठल्याशा मंडळाला अकरा मूर्ती हव्या होत्या, त्याही शाडूच्याच, आणि एप्रिलात त्या बोटीवर चढायच्या होत्या. पण शिमग्याआधीचा कोरडा वारा असा सुटला होता, की ओलं फडकं टाकलं तरी पोट ओलं राही आणि कान आधी वाळून मोकळे होत.

"गुरुजी, एक मूर्ती आन् आठ दिवस द्या मला," ती म्हणाली. "मिठाच्या हवेत वाळवून दाखवते."

"मीठ? अहो, लोणा येईल. रंग पापुद्र्यानं सुटेल उद्या."

"मीठ मूर्तीला लागनारच नाय. ताटलीत राहील ते, हवेचा ओलावा धरायला. पन घट्ट दाराचं कपाट लागंल. तसं एक हाय, रोह्याजवळ अष्टमी गावात."

गुरुजींनी तडकलेली मूर्ती उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "एक मूर्ती. ती गेली की शाडूचं नाव काढायचं नाही."

कपाट आहे म्हणून पुतळी बोलून तर गेली, पण ते मागायला जाणं सोपं नव्हतं. कारण त्या कपाटाला नापास करणारी ती स्वतः होती, आणि ते घडवणारा गुणाजी सुतार सतरा वर्षं तिच्याशी बोलला नव्हता.

ती सगळी गंमत सिगारची. शहाण्णव-सत्त्याण्णव साली तिकडे अमेरिकेत म्हणे भल्याभल्यांना महागड्या सिगारचं वेड लागलं होतं. नट ओढत, वकील ओढत, बायकाही ओढत. आता सिगार म्हणजे भलतीच नाजूक वस्तू. वाळली तर कडू, भिजली तर बुरशी. म्हणून तिला राहायला बाहेरून सागाची आणि आतून तुणीच्या लाकडाची खास पेटी लागायची. मुंबईच्या एका शेठनं रोह्याजवळ शेड घातली, चाळीस माणसं लावली आणि पेट्या बोटीनं जाऊ लागल्या. मिठागरावरच्या घरात जन्मलेली पुतळी तिथं झाडू मारायला लागली.

प्रत्येक पेटीत ओलावा दाखवणारा छोटा काटा असे. कागदावर लिहिलं होतं, की ओलं मीठ पेटीत बंद करून ठेवा, काटा पंचाहत्तरवर थांबला की पेटी चांगली. साहेब लोक मिठावर तांब्याभर पाणी ओतून बसत, आणि काटा जाई कुठल्या कुठे. शेवटी केर काढता काढता पुतळीला राहवलं नाही. "साहेब, मीठ भिजाया पायजे, बुडाया नाय," ती म्हणाली. मुठीत धरून सोडलं की ढेकूळ राहिलं पाहिजे आणि थेंब गळता कामा नये, हे तिला बापाच्या पाठीमागं चालताना कळलं होतं. त्या दिवसापासून झाडू गेला आणि हातात चिठ्ठ्या आल्या. हिरवी लावली की पेटी पास, लाल लावली की परत. गावात तिला 'विडीमास्तरीण' म्हणू लागले. शेठनं दिवाळीला एक सिगार दिली, ती बापानं चुरून आठवडाभर विडीत भरली आणि निकाल दिला, "वास बरा हाय, पन मजा नाय."

मग अठ्ठ्याण्णवचा पावसाळा आला. लाकूड नीट वाळलं नव्हतं, तरी माल घाईनं बांधायचा होता. पुतळीनं शंभरातल्या साठ पेट्यांना लाल चिठ्ठी लावली. त्यातच गुणाजीचं पुरुषभर उंचीचं, सिगार ठेवायचं कपाट होतं. ते प्रदर्शनात जाणार होतं, आणि त्यानं त्यावर चार महिने घातले होते. मॅनेजरनं लाल काढून हिरव्या लावायला सांगितल्या. ती नाही म्हणाली. पेट्यांना त्यानं स्वतः हिरव्या लावल्या, माल गेला आणि तसाच परत आला. खरं तर तिकडचं वेडच ओसरलं होतं. पेट्या चांगल्या असत्या तरी कुणी घेतल्या नसत्या. पण दिवाळीत शेडला कुलूप लागलं आणि सगळे म्हणाले, पुतळीच्या लाल चिठ्ठ्यांनी कंपनी खाल्ली. चाळीस घरांचा तो शब्द तिला फार लागला. मी खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं तिलाही कितीदा वाटून गेलं. तिथून तिनं आणला तो फक्त एक काटा. प्रदर्शनाला न गेलेलं कपाट गुणाजीनं लाल चिठ्ठीसकट घरी उचलून नेलं.

गुरुजींशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती रोह्याला उतरली. पिशवीत मीठ होतं आणि रुमालात बांधलेला तो काटा. काटा अजून खरं सांगतो की नाही, हे तिनं घरी घट्ट डब्यात मिठाबरोबर ठेवून आधीच पाहिलं होतं.

अष्टमीला दार विमलबाईनं उघडलं. गुणाजीची बायको तिला पाहून क्षणभर थबकली, मग म्हणाली, "ये गो. कपाटासाठी आली असशील तर ने बाय एकदाचं. सतरा वर्सं रिकामं ठेवलंय. साडी ठेवू देत नाय मला त्यात."

गुणाजी ओटीवर बसला होता. केस पांढरे झाले होते, नजर मात्र तीच. पुतळीनं मूर्तीची सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "आधी बघ."

कपाट मधल्या खोलीत होतं. दाराच्या आतल्या अंगाला तिची लाल चिठ्ठी तशीच होती, विटून विटकरी झालेली. तिनं मीठ भिजवलं, ताटली आत ठेवली, काटा ठेवला आणि दार लावलं. मग दोघं समोरासमोर बसून राहिली. विमलबाईनं तिथंच जेवायला वाढलं.

चार वाजता पुतळीनं दार उघडलं. काटा अडुसष्टवर होता.

गुणाजीनं विचारलं, "पास?"

तिला कपाट हवं होतं. मूर्ती वाळायला अडुसष्टही कदाचित चाललं असतं. होय म्हटलं असतं तर म्हातारा सुखावला असता आणि सतरा वर्षांचा अबोला तिथंच संपला असता.

"नाय, दादा," ती म्हणाली.

विमलबाईनं कपाळावर हात मारून घेतला. पुतळीनं वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि दारात धरून बंद करत, ओढत ती सगळ्या कडेनं फिरली. सगळीकडे पट्टी घट्ट धरली जात होती; फक्त वरच्या बिजागरीपाशी ती अलगद निघून आली. तिनं जागेवर बोट ठेवलं.

गुणाजी उठला. चष्मा लावून त्यानं ती जागा पाहिली, अंगठ्यानं चाचपली. "तवाच का नाय दाखवलीस?"

"तवा तुमी इचारलं नाय. मान वळवून गेलात."

कोपऱ्यातला रंधा काढून त्यानं पातं बोटावर पाहिलं. "काटा इथंच ठेव. मीठपन," तो म्हणाला. "गाडी चुकेल तुझी, नीघ."

तिसऱ्या दिवशी सकाळी रामवाडीत टेंपो उभा राहिला. कपाटाला घट्ट धरून मागं गुणाजी स्वतः बसून आला होता. पुढं त्या कपाटातून अकराच्या अकरा गणपती अखंड कानांनी बाहेर पडले आणि गुरुजींनी शाडूची खोली पुन्हा पुतळीच्या हवाली केली, ते सगळं नंतरचं. त्या सकाळी गुणाजीनं माधवरावांना नमस्कारसुद्धा केला नाही. आडोशाला कपाट ठेवून घेतलं, आत ताटलीत मीठ तिच्याच हातानं भिजवून ठेवायला लावलं आणि दुपारपर्यंत दारासमोर बसून राहिला. गुरुजी एकदा डोकवायला गेले, तर दोघंही एकदम म्हणाली, "उघडायचं नाय."

दुपारी पुतळीनं दार उघडलं. काटा पंचाहत्तरवर होता. तिनं तो गुणाजीला दाखवला नाही, कारण तो काट्याकडे पाहतच नव्हता. तो तिच्या हाताकडे पाहत होता.

तिनं पदराचं टोक ओलं करून लाल चिठ्ठीवर धरलं, कागद भिजू दिला आणि नखानं कोपरा उचलला. चिठ्ठी निघाली. सतरा वर्षांत सगळं लाकूड काळवंडलं होतं. चिठ्ठीखालचं तेवढं चार बोटांचं तुणीचं लाकूड नवंकोरं गुलाबी राहिलं होतं. गुणाजीनं त्यावर एकदा अंगठा फिरवला आणि तो बाजूला झाला, म्हणजे तिला मूर्ती आत ठेवता यावी.